फोटोच्या कडा

"लेख दे, नाहीतर तुझ्या जागी जोक्स छापतो!" अशी प्रेमळ धमकी मराठी विभागाच्या संपादकांनी कॅन्टीनमध्ये दिली आणि मी घाईघाईत हो म्हणून बसलो. विषय कोणता, विचारलं तर उत्तर आलं, "काहीही चालेल, फक्त ‘पहिला पाऊस’ आणि ‘मैत्री’ सोडून." म्हटलं, झालं! आपल्याजवळ तेवढेच दोन विषय होते.

पण मित्रांनो, विषय घरातच होता. माळ्यावर. एका लोखंडी ट्रंकेत.

आमचं घर क्रांती चौकापासून पायी पाच-सात मिनिटांवर. दिवाळीची साफसफाई निघाली, आईने मला माळ्यावर चढवलं आणि खाली कॉटवर पडल्या पडल्या नाना, म्हणजे माझे आजोबा, सूचना देऊ लागले. "ती हिरवी ट्रंक हळू काढ रे. त्यात माझा रशिया आहे!"

नाना एसटीच्या चिकलठाण्याच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. संघटनेत होते, लाल बावट्याचे होते. मोर्चा कुठलाही असो, तो क्रांती चौकात येऊन थांबणार आणि त्यात नाना असणार हे ठरलेलं. चौकाचं नावच क्रांती. १८५७ च्या बंडातल्या शिपायांना जिथे देहदंड दिला गेला तो काळा चबुतरा इथलाच. नाना म्हणतात, "या चौकात उभं राहून जेवढ्या घोषणा दिल्या तेवढा श्वास घेतला असता तर शंभर वर्षं जगलो असतो." सध्या ऐंशी पूर्ण झालीत, तेव्हा आशा आहे.

तर ट्रंकेतून निघालेला ऐवज असा : ‘सोव्हिएत देश’चे तीसेक अंक, ‘युगांतर’ साप्ताहिकाचे पिवळे पडलेले गठ्ठे, अण्णा भाऊ साठे यांचं ‘माझा रशियाचा प्रवास’, पिस्कुनॉव्हचं कॅल्क्युलस, इरोडॉव्ह (हो, तोच तो, ज्याने आपल्यापैकी अनेकांची बारावी कडू केली!), पप्पांची आठवीची भूमितीची वही, आणि कात्रणं चिकटवलेलं एक जाड रजिस्टर.

पप्पांच्या वहीला गुळगुळीत रंगीत कागदाचं कव्हर होतं. त्यावर गव्हाच्या शेतात हसणारी गोरीपान मुलगी. मागे ट्रॅक्टर. आकाश इतकं निळं, की आपल्या मे महिन्याने लाजावं.

नवीन पिढीसाठी (म्हणजे आपल्यासाठीच) थोडा खुलासा. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत वकिलातीचा माहिती विभाग दिल्लीहून ‘सोव्हिएत लँड’ हे सचित्र नियतकालिक काढायचा आणि ते अनेक भारतीय भाषांत निघायचं. मराठीत ते ‘सोव्हिएत देश’. किंमत अगदी किरकोळ, कागद मात्र एकदम फर्स्ट क्लास. अमेरिकेने १९६० मध्ये ‘स्पॅन’ नावाचं इंग्रजी मासिक सुरू केलं, तेही तितकंच गुळगुळीत. दोन महासत्ता एकमेकींशी झुंजत होत्या आणि आमच्या गल्लीतल्या पोरांच्या वह्यांना फुकटात कव्हरं मिळत होती!

पण खरी गंमत रजिस्टरमध्ये होती. त्यात नानांनी निरनिराळ्या अंकांतली आणि पत्रकांतली परदेशाबद्दलची कात्रणं डकवली होती. डाव्या पानावर रशिया, उजव्या पानावर अमेरिका, इंग्लंड वगैरे. डावीकडे धरणं, दवाखाने, पाळणाघरं, बॅले करणाऱ्या मुली. उजवीकडे काळेकरडे, दाणेदार फोटो : बेकारांची रांग, फुटपाथवर झोपलेला म्हातारा, पोलिसांच्या काठ्या, हार्लेममधली पडकी घरं. डावीकडे कायम ऊन, उजवीकडे कायम ढग. पाचवीच्या चित्रकलेच्या वहीतसुद्धा एवढी स्पष्ट विभागणी नसते.

नाना पप्पांना लहानपणी सांगायचे, "न्यूयॉर्कात माणूस रस्त्यावर मरून पडला तरी कोणी पाणी विचारत नाही." पप्पांनी कित्येक वर्षं न्यूयॉर्क म्हणजे मोठमोठ्या इमारतींच्या तळाशी पडलेली माणसं अशीच कल्पना केली होती. पुढे टीव्हीवर इंग्रजी सिनेमे लागले तेव्हा त्यांना पहिला धक्का बसला तो म्हणजे तिथेही ऊन पडतं!

मला वाटलं, हे सगळं निव्वळ खोटं असणार. सबमिशन बाजूला ठेवून थोडी शोधाशोध केली. आणि माझाच गोंधळ वाढला.

कारण यातलं बरंचसं खरं होतं. सप्टेंबर १९५७ मध्ये अमेरिकेतल्या लिटल रॉक गावात नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचवायला लष्कर पाठवावं लागलं. सोव्हिएत वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलून धरली. ती खरीच होती! अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी देशाला उद्देशून जे भाषण केलं त्यात, आपले शत्रू या प्रकाराचं भांडवल करताहेत, हे स्वतः बोलून दाखवलं. त्याही आधी १९५२ मध्ये शाळांतल्या वर्णभेदाच्या खटल्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने सुप्रीम कोर्टाला लेखी कळवलं होतं, की या भेदभावामुळे कम्युनिस्टांच्या प्रचाराला आयतं दळण मिळतं. म्हणजे वैऱ्याच्या पेपरातली खरी बातमी कधीकधी घरातली घाण काढायला उपयोगी पडते. आपल्या माणसाला जे सांगायचा संकोच वाटतो ते वैरी चौकात उभा राहून सांगतो.

मग खोट कुठे होती? खोट निवडण्यात होती. सोव्हिएत पत्रकारांचं एक लाडकं वाक्य होतं, की न्यूयॉर्क हे विरोधाभासांचं शहर आहे. ते इतकं झिजलं, की १९६९ च्या ‘द डायमंड आर्म’ या रशियन विनोदी सिनेमात इस्तंबूलला हीच उपाधी लावून त्याची टर उडवली आहे. आता मला सांगा, विरोधाभासांचं नसलेलं शहर जगात कुठे आहे? माझ्या शाळेच्या वर्षांत आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि त्याच शहरातली पाणचक्की बघायला परदेशी पाहुणे यायचे!

दुसऱ्याचा अंधार दाखवायची सवय लागली, की आपल्या अंधारात तिचा फार उपयोग होतो. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. सोव्हिएत लोकांना अधिकृत बातमी मिळाली ती २८ तारखेला रात्री, चार-पाच वाक्यांची. आणि पाठोपाठ वृत्तसंस्थेने काय सांगावं? अमेरिकेतल्या अणुभट्ट्यांमध्ये किती अपघात झालेत त्याची माहिती! १ मेला कीव्हमध्ये मुलाबाळांसह संचलन झालं. थ्री माइल आयलंडचा अपघात १९७९ मध्ये झाला होता, हे शंभर टक्के खरं. पण कीव्हच्या आईला त्या दिवशी पेनसिल्व्हेनियाची बातमी नको होती, तिला खिडकी उघडी ठेवू की बंद करू एवढंच हवं होतं.

त्याच व्यवस्थेत सगळेच असे नव्हते, हेही सांगायला हवं. इल्फ आणि पेत्रोव्ह नावाचे दोन विनोदी लेखक १९३५ मध्ये अमेरिकेला गेले आणि मोटारीने एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत हिंडून आले. त्यांच्या १९३७ च्या पुस्तकाचं नाव ‘एकमजली अमेरिका’. का? तर गगनचुंबी इमारती म्हणजे अमेरिका नव्हे, बहुतेक अमेरिका छोट्या गावांत एकमजली घरांत राहते, हे त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं. रस्त्यांचं आणि कामातल्या नेटकेपणाचं कौतुक केलं, जे खटकलं तेही लिहिलं. आणि हे स्टॅलिनच्या काळात! म्हणजे पाहायचं ठरवलं तर पाहता येतं.

आणि आता ऐका माझा सगळ्यात आवडता किस्सा. १९५९ च्या उन्हाळ्यात मॉस्कोच्या सोकोल्निकी पार्कमध्ये अमेरिकेने प्रदर्शन भरवलं. त्यात चक्क एक अख्खं घर होतं. लोकांना बघता यावं म्हणून मधोमध चिरून वाट काढलेली, म्हणून त्याला ‘स्पुटनिक’च्या चालीवर ‘स्प्लिटनिक’ असं टोपणनाव पडलं. १४,००० डॉलरचं हे घर आमचा साधा पोलाद कामगार हप्त्यांवर घेऊ शकतो, असं अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन ख्रुश्चेव्हना सांगत होते. त्यांचा प्रसिद्ध वाद इथल्याच स्वयंपाकघरापुढे झाला. सोव्हिएत वृत्तसंस्था भडकली. तिने म्हटलं, हे अमेरिकन कामगाराचं नेहमीचं घर म्हणणं म्हणजे ताजमहाल हे मुंबईच्या गिरणी कामगाराचं नेहमीचं घर म्हणण्यासारखं आहे!

मुंबईचा गिरणी कामगार! मॉस्को आणि वॉशिंग्टनच्या भांडणात उदाहरण कोणाचं, तर आमच्या थोरल्या आजोबांचं! कारण नानांचे थोरले भाऊ तेव्हा लालबागला गिरणीत होते.

मी पळत जाऊन नानांना हे सांगितलं. ते खूप हसले. "ताजमहाल कशाला, आपल्या गावात मकबरा आहे की, दख्खनचा ताज! पण मकबऱ्यात माणसं राहत नाहीत, पुरतात." मग जरा वेळाने म्हणाले, "थोरल्याची खोली मी पाहिलीय. दहा बाय दहा. बारा जण. दिवसपाळीवाले झोपायला आले की रातपाळीवाले उठून जायचे. दिवसभर गाद्या गुंडाळून भिंतीला उभ्या. माणसापेक्षा गाद्यांना जास्त विश्रांती!" १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. थोरले आजोबा त्यातले एक. संप कधी अधिकृतपणे संपलाच नाही, पण आजोबांची मुंबई संपली. वळकटी घेऊन ते गावी परत आले.

या गाद्या लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

रजिस्टर चाळता चाळता एक कात्रण सापडलं. कुठल्या पेपरातलं ते कळत नाही, वरची पट्टी कापलेली आहे. न्यूयॉर्कमधले बेकार रांगेत उभे आहेत. सूप मिळण्याची वाट बघताहेत. फोटोच्या खालच्या कडेला नानांनी पेन्सिलने बारीक गोल केलेत. पाच-सहा गोल. नीट पाहिलं तर प्रत्येक गोलात एक बुटाचा जोड!

"हे काय हो नाना?"

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चष्मा दे."

गोष्ट अशी. दर रविवारी संघटनेचा अभ्यासवर्ग भरायचा. हे कात्रण तिथे फिरलं. वर्कशॉपमधला एक तरुण हेल्पर, नानांचाच चेला, म्हणाला, "कॉम्रेड, हे बेकार आहेत ना? मग यांच्या पायात असे बूट कसे? अंगात कोट कसे? आपल्या इथे कामावरच्या माणसाला असे बूट नाहीत." सगळे गप्प. आणि नानांनी, सगळ्यांत सीनियर म्हणून, त्याला झापलं. तिकडे थंडी असते म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण पुढे भरल्या खोलीत त्याला भांडवलदारांचा हस्तक म्हणाले. तो पोरगा पुढच्या रविवारी आला नाही. नंतर कधीच आला नाही. वर्कशॉपमध्ये समोरासमोर काम करायचे, पण बोलणं तुटलं ते तुटलंच.

"आणि खरं सांगू?" नाना म्हणाले. "बूट मला त्याच्या आधी दिसले होते. घरी पाहिलेले. गोल आधीच केले होते मी."

"मग बोलला काऊन नाही?"

"कारण बोललो असतो तर डावीकडच्या पानांवरही शंका घ्यावी लागली असती."

१९९१ मध्ये सोव्हिएत युनियन विरघळला. नाना म्हणतात, त्या वर्षी लोक त्यांना चौकात थांबवून चिडवायचे, "काय नाना, दुकान बंद झालं का?" त्याचं त्यांना काही वाटलं नाही. कामगाराला आठ तास, रजा, पेन्शन मिळावं यासाठी भांडलो ते बरोबरच होतं, असं ते आजही ठासून सांगतात. दुखतं ते एवढंच. त्या हेल्परची माफी मागायची राहून गेली. तो वारल्याचं नानांना महिनाभराने कळलं.

"म्हणून सांगतो," नाना म्हणाले, "फोटो कोणाचाही असो, मधलं बघू नको. मधलं त्यांनी तुला दाखवायला ठेवलेलं असतं. कडा बघ, लेका. कडेला चुकून राहिलेलं असतं."

आता मुख्य गोष्ट. हे लिहू का नको असा पुष्कळ विचार केला. दादाला विचारलं, तो म्हणाला लिही.

माझा दादा इंजिनिअरिंग करून एमएस करायला अमेरिकेत गेला. क्रांती चौकात उड्डाणपुलाजवळ परदेशी शिक्षणाचं एक मोठं होर्डिंग लागलेलं असायचं. काचेच्या इमारती, पिवळी पानं, हातात लॅपटॉप घेऊन हसणारी चार मुलं. परवा मला अचानक जाणवलं, की त्या होर्डिंगवरची मुलगी आणि पप्पांच्या वहीवरची गव्हातली मुलगी सख्ख्या बहिणी शोभतील! तेच दात, तेच निळं आकाश. फक्त ट्रॅक्टरच्या जागी लॅपटॉप. ज्या चौकात नानांनी अमेरिकेच्या नावाने घोषणा दिल्या, त्याच चौकात नातवाने अमेरिकेचं स्वप्न पाहिलं. घर बँकेकडे गहाण ठेवून पप्पांनी कर्ज काढलं. दादा निघाला तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "जा. आणि तिकडे कोणी रस्त्यावर पडलेला दिसला तर पाणी विचार."

दादाचे फोटो यायचे. टाइम्स स्क्वेअर, बर्फ, पदवीदानाचा काळा झगा. आई ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची, खाली पन्नास अंगठे यायचे. एमएस झालं. नोकरी? "ट्रेनिंग चालू आहे" असं दादा म्हणायचा. व्हिडिओ कॉलवर नेहमी त्याच्या मागे तीच पांढरी भिंत, तेच छानसं पेंटिंग.

इकडे काय झालं, तर श्रावणात नाना बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. दादाला कळवायचं नाही असं घरात ठरलं, त्याचं ‘ट्रेनिंग’ चालू होतं ना! फोन आला की नानांना उशांना टेकवून फक्त चेहरा दाखवायचा. एकदा नाना गोळ्यांच्या गुंगीत होते, दादाने विचारलं, "नाना कुठेत?" आई घाबरून बोलून गेली, "देवळात गेलेत."

नाना! देवळात! चाळीस वर्षांत गणपतीच्या आरतीलाही टाळी न वाजवलेला माणूस! आमचा प्रचार विभाग किती कच्चा होता बघा. दादा तिकडे क्षणभर गप्प झाला. पण तोही काही बोलला नाही. कारण त्यालाही काही लपवायचं होतं.

दिवाळीच्या त्याच आठवड्यात, ट्रंक काढली त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, मंगळवारी रात्री साडेअकराला दादाचा कॉल आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. नाना जागे होते, मान वळवून बघत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "आत्ता तिकडे किती वाजले असतील?"

मी हिशेब केला. "दुपारचे दोन."

"वार?"

"मंगळवारच."

"कामाच्या दिवशी भर दुपारी घरी आहे. आणि डाव्या कडेला काय होतं, पाहिलं का?"

मी पाहिलं नव्हतं. मी पेंटिंग पाहिलं होतं.

"गाद्या," नाना म्हणाले. "गुंडाळून भिंतीला उभ्या. चार तरी असतील. ही थोरल्याची खोली आहे रे."

पप्पा म्हणाले, "जाऊ द्या नाना, पोरं राहतात अशी. उगाच विचारून त्याला कशाला..." आणि नाना, जे कधी आवाज चढवत नाहीत, ते ओरडले, "एकदा गप्प बसलो होतो! लाव फोन!"

फोन लावला. नानांनी तो स्वतःच्या हातात घेतला.

"खोलीत किती जण राहता?"

दादा हसायला गेला. हसू अर्ध्यात थांबलं.

"सहा, नाना."

मग सगळं बाहेर आलं. विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर जी कामाची परवानगी मिळते, तिच्यात नोकरीशिवाय जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. त्याचे ५८ संपले होते. शेकडो अर्ज झाले होते. उत्तर एक तर येत नव्हतं किंवा नकाराचं येत होतं. पेंटिंग घरमालकाचं होतं. सहाही जण घरी बोलायचं असलं की त्या पेंटिंगपुढेच उभे राहायचे, अक्षरशः नंबर लावून! "पप्पा, तुमचं घर गहाण आहे," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आई रडायला लागली. मी लहान भाऊ असूनही मला पहिल्यांदा त्याच्यापेक्षा मोठं झाल्यासारखं वाटलं, आणि ते अजिबात छान वाटलं नाही.

दादाने डोळे पुसले आणि म्हणाला, "आता तुम्ही सांगा. नाना देवळात कसे गेले होते?"

नानांनी माझ्याकडे फोन दिला. "फिरव. सगळं दाखव." मी फोन फिरवला. वॉकर, औषधांच्या बाटल्या, कॉटखालचं भांडं, पायाची पट्टी. दादा बघत राहिला. मग तिकडून त्यानेही फोन फिरवला. गाद्या, सहा बॅगा, भांड्यांनी भरलेलं सिंक, कोपऱ्यात भाताचा कुकर, खिडकीबाहेर वाळलेली झाडं आणि त्यांच्यावर मस्तपैकी ऊन. त्याचा एक रूममेट, तेलुगू पोरगा, लाजून नमस्कार करून गेला.

त्या रात्री आमच्या घरात कोणाला झोप लागली नाही. पण कितीतरी महिन्यांनी सगळ्यांना श्वास घेता आला.

मित्रांनो, तेव्हापासून मला सारखं वाटतं, की आपण त्या सोव्हिएत संपादकांना हसतो, पण आपण वेगळं काय करतो? ते स्वतःचं उजळ आणि दुसऱ्याचं काळं छापायचे. आम्ही दोन्हीकडून फक्त उजळ छापत होतो, तेही प्रेमापोटी! दादा आमच्यासाठी अमेरिकेचा ‘स्पॅन’ काढत होता आणि आम्ही त्याच्यासाठी संभाजीनगरचा ‘सोव्हिएत देश’. एकही फोटो खोटा नव्हता. टाइम्स स्क्वेअर खरा, बर्फ खरा, उशीला टेकलेले हसरे नानाही खरेच.

एफईला आपण सगळे इंजिनिअरिंग ड्रॉइंग करून (काही जण दोनदा करून!) आलो आहोत. सर पहिल्या दिवशी काय सांगतात? एका व्ह्यूवरून वस्तू कळत नाही. समोरून आयत दिसला म्हणजे ठोकळा समजू नका, तो सिलिंडरही असू शकतो. टॉप व्ह्यू काढा, साइड व्ह्यू काढा, मग बोला. समोरचा व्ह्यू खोटा नसतो हो, तो फक्त एकटा असतो.

परवा संध्याकाळी मुद्दाम क्रांती चौकात गेलो आणि एकाच जागी उभं राहून दोन फोटो काढले. एक वर मान करून : उंच चौथऱ्यावरचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा, दिव्यांची रोषणाई, उड्डाणपूल. दुसरा मान खाली करून : पुलाखाली पाय पोटाशी घेऊन झोपलेला एक म्हातारा, शेजारी पाण्याची रिकामी बाटली. दोन्ही फोटो माझ्याच गावाचे. पहिला दादाला पाठवला असता तर म्हणाला असता, वा! दुसरा कुठल्या वैऱ्याला मिळाला असता तर त्याने खाली लिहिलं असतं, विरोधाभासांचं शहर.

फोटो काढून निघालो होतो. मग नानांनी दादाला निघताना सांगितलेलं आठवलं. कोपऱ्यावरून पाण्याची बाटली घेतली आणि म्हाताऱ्याच्या उशाशी ठेवून आलो. जागा झाला नाही. त्याचा फोटो काढला नाही.

दादाचं पुढे काय? ८१ व्या दिवशी त्याला एका छोट्या गावात, एका गोदामात मशीन मेन्टेनन्सची नोकरी मिळाली. होर्डिंगवर छापण्यासारखी नाही. पण हप्ता जातो. गाव एकमजली आहे म्हणाला. मी त्याला इल्फ-पेत्रोव्हची गोष्ट सांगितली.

पुढच्या वर्षी जीआरई द्यायची का, हे माझंही ठरायचं आहे. नाना ‘जाऊ नको’ म्हणत नाहीत आणि ‘जा’ही म्हणत नाहीत. पण हल्ली दर रविवारी कॉल लागला, की गप्पा सुरू व्हायच्या आधी ते एकच वाक्य बोलतात आणि तिकडे दादा, इकडे मी, दोघेही निमूट ऐकतो :

"आधी फोन फिरवा."

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी